सायकलीने दापोलीहून गणपतीपुळ्यास जाण्याची रीत

प्रस्तुत मार्गदर्शन चाळिशी ओलांडलेल्या आणि मोटारसायकलीच्या किमतीची सायकल घेऊन बसलेल्या गृहस्थांसाठी आहे. पंचविशी न गाठलेल्यांनी ते वाचू नये. गुडघे शाबूत असल्यामुळे त्यांना यातले काही पटणार नाही. स्त्रियांना त्याची गरज नाही. त्या रस्ता विचारतात, सांगितलेले ऐकतात आणि पोचतात. अंगात चकाकती जाकिटे घालून रात्री-अपरात्री हमरस्त्यावर दिसणारा जो ब्रेवेवाल्यांचा पंथ आहे, त्यानेही इथूनच निरोप घ्यावा. त्यांना दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत आणि सहाशे किलोमीटर चाळीस तासांत उरकायचे असतात, वाटेत कार्डावर शिक्के घ्यायचे असतात आणि पॅरिसच्या एका क्लबाच्या दप्तरी नोंद व्हायची असते. आपल्याला फक्त काळोख पडायच्या आत गणपतीपुळ्याला टेकायचे आहे.

आपले कार्यक्षेत्र म्हणजे रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा सागरी महामार्ग. त्यातला एका दिवसाचा तुकडा असा: दापोली, दाभोळ, खाडी, धोपावे, गुहागर, पालशेत, हेदवी, तवसाळ, पुन्हा खाडी, जयगड, मालगुंड, गणपतीपुळे. हा महामार्ग काही ठिकाणी इतका अरुंद आहे की समोरासमोर आलेल्या दोन एसट्यांपैकी एकीला मागे जावे लागते. कोणी मागे जायचे यावर दोन्ही ड्रायव्हरांचे एकमत होईपर्यंत सायकलवाल्याने बाजूला उभे राहून पाणी प्यावे. नकाशात दिवसाचा पल्ला शंभर किलोमीटरच्या आसपास भरतो. हा आकडा घरी सांगावा, मित्रांना सांगावा आणि दापोलीत सोडून द्यावा. पुढे त्याचा उपयोग नाही.

कारण या मुलखाचा नियम वेगळा आहे. गाव खाली, सडा वर. नदी समुद्राला मिळते तिथे गाव, गावात देऊळ आणि नारळी-पोफळीची आगरे. आणि एका गावातून दुसऱ्या गावात जायचे तर मधे जांभ्याचा उघडा सडा. म्हणजे प्रत्येक गावात उतरायचे आणि प्रत्येक गावातून चढायचे. उतारावर कमावलेला वेग पुढच्या चढाला कामी येईल असा हिशेब घाटावरची माणसे मांडतात. तो इथे बसत नाही. उतार संपतो तिथे वळण असते, वळणावर म्हैस असते आणि म्हशीपलीकडे साकव असतो. सगळी कमाई ब्रेकच्या रबरात जाते. मोबाइलवर चढ-उताराचा आलेख काढून पाहिल्यास करवतीचे दाते दिसतात. तो निघण्याच्या आदल्या रात्री पाहू नये, झोप लागत नाही.

हंगाम डिसेंबर-जानेवारीचा. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही, म्हणून एप्रिल-मेमध्ये हा प्रकार करणाऱ्याला आंबे खायला मिळतात, पण ते बहुधा कोणीतरी भरवावे लागतात. दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवावी. थंडीत सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, दुपारनंतर तो फिरतो आणि वायव्येकडून खारा वारा सुटतो. तोंड दक्षिणेला असले की हा वारा पाठीशी येतो. अर्थात रस्ता प्रत्येक खाडीपाशी आत वळतो, तेव्हा वारा पाठीचा कानाशी आणि कानाचा नाकाशी येणार हे धरून चालावे. पाठीवर वारा असताना 'आज तब्येत चांगली साथ देते आहे' असे वाटते. तोच समोरून आला की 'वारा फार आहे' असे वाटते. हे दोन्ही समज ज्याचे त्याने जपावेत, सायकल चालते ती त्यांच्यावरच.

सामानाबद्दल मतभेद आहेत. सायकलींच्या दुकानात ग्रॅमवर बोलतात. तिथे दोनशे ग्रॅम वाचवण्यासाठी कार्बनची सीटपोस्ट घेण्याचा आग्रह होतो. ती घ्यावी. निघताना घरून मिळालेला डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा मग निर्धास्तपणे कॅरिअरला बांधता येतो. खरोखर लागणाऱ्या वस्तू थोड्या आहेत: दोन ट्यूब, पंक्चरचे ठिगळ आणि सोल्यूशन, टायर उचकटायच्या पट्ट्या, हातपंप, षट्कोनी पाने, चेनची एक जोडकडी, पुढचा-मागचा दिवा. हे सामान एकदा घरी वापरून पाहावे असे सगळीकडे लिहिलेले असते. कोणी पाहत नाही, आणि म्हणून नवा कोरा पंप सड्यावर प्रथमच उघडताना त्यातून माहितीपत्रक निघते, चिनी भाषेतले. मुंबईचे आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२३ मध्ये सायकलींवर निघाले आणि जगाला फेरी मारून १९२८ मध्ये घरी आले. त्यांच्या वेळी माहितीपत्रके इतकी नसावीत.

पोशाखाचा विषय नाजूक आहे, पण टाळता येत नाही. गादीची चड्डी अंतर्वस्त्राशिवाय घालायची असते. ही एक ओळ आधी सांगितली असती तर अनेक संसारी माणसांचे दोन-दोन दिवस बसून गेले असते. जिथे घासते तिथे आधीच व्हॅसलिन किंवा साधे खोबरेल लावावे. ही चड्डी पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर क्रीडावेष म्हणून खपते. गुहागरच्या व्याडेश्वराच्या देवळासमोर ती खपत नाही. सबब पंचा जवळ ठेवावा, उतरताक्षणी गुंडाळावा आणि मगच सोलकढीची चौकशी करावी.

प्रस्थान पहाटे सहाला, दापोलीच्या स्टँडाजवळ चहा घेऊन. दापोली आठशे फुटांच्या आसपास उंचीवर आहे आणि दाभोळ समुद्रावर, म्हणजे दिवसाची सुरुवात मिळकतीने होते. दाट शक्यता अशी की तुम्ही इथे फुशारकी माराल. चहाच्या टपरीवर कोणी वडीलधारे गृहस्थ 'सायकलीने एवढ्या लांब?' असे कौतुकाने विचारतील आणि तुम्ही 'सवय आहे' म्हणाल. तसे म्हणू नये. हा दापोली तालुका आहे. इथल्या मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी परीक्षेसाठी मुरुडाहून साताऱ्यापर्यंत, शंभर मैलांवरची वाट, पावसाळ्यात सह्याद्री चढून पायी तुडवली होती. आणि तिथे पोचल्यावर 'वयाने लहान दिसतोस' म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नव्हते. ही हकिकत या भागात कोणालाही ठाऊक असते आणि ती नेमकी तुमच्या 'सवय आहे'नंतर सांगितली जाते. तेव्हा मान डोलवावी, पैसे द्यावेत आणि निघावे.

दाभोळचा शेवटचा उतार दोन्ही ब्रेक आलटून-पालटून दाबत उतरावा. एकच दाबून ठेवला तर रीम तापते. खाली बंदर, जुनी घुमटांची मशीद, सुक्या मासळीचा वास आणि जेटी. इथे वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते आणि फेरीबोट मिळते. तिकीट काढून सायकल मोटारींच्या मधे हातात धरून उभे राहावे, भिंतीला टेकवून फोटो काढायला जाऊ नये, बोट हलते. एक बाब ध्यानात ठेवावी: सबंध दिवसात सपाट म्हणता येईल असा रस्ता दोनच ठिकाणी आहे, इथे आणि तवसाळ-जयगडला, आणि दोन्ही पाण्यावर आहेत. खाड्यांवर मोठे पूल होणार, होणार, असे बरीच वर्षे चालले आहे. मोटारवाल्यांची सोय होईल ती होवो. सायकलवाल्याची विश्रांती मात्र जाईल आणि तिच्यासाठी कोणी मोर्चा काढणार नाही.

धोपाव्याला उतरल्यावर पहिला खरा चढ. मागची सगळ्यांत मोठी चकती, पुढची सगळ्यांत लहान, हे चढाच्या आधी करावे. चढात जोर लावून गिअर बदलला की चेन कडकड वाजते आणि कधीकधी सुटते. उठून उभे राहून पॅडल मारणे रुबाबदार दिसते, ते एसटी जवळून जाईल तेवढ्यापुरते करावे. एरवी बसून, तोंडाने श्वास घेत, समोरच्या दहा फूट रस्त्याकडे पाहत जावे. वर पाहू नये. वर एन्रॉन आहे. ती अमेरिकी कंपनी २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली, तिच्या इथल्या वीजप्रकल्पाचे नाव बदलले, मालक बदलले. तरी गुहागरची वाट विचाराल तर 'एन्रॉनवरून सरळ' हेच उत्तर मिळते.

वाट विचारण्याचे शास्त्र मोबाइलमुळे बुडत चालले आहे. सड्यावर रेंज जाते तेव्हाच त्याची आठवण होते. मैलाच्या दगडाचा माथा पिवळा असला तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असला तर राज्याचा, एवढे वाचता आले तरी पुष्कळ. मात्र माणसाला अंतर विचारू नये. 'हेदवी किती लांब?' याला 'हितंच हाय, वाईच पुढं' हे उत्तर पाच किलोमीटरवर मिळते, तसेच ते पंधरावरही मिळते. सांगणारा खोटे बोलत नसतो. तो तुमचा चेहरा पाहून बोलत असतो. चेहरा जितका उतरलेला तितके गाव जवळ येते. त्याऐवजी 'मधे घाटी किती?' असे विचारावे. मग तो हातातली पिशवी खाली ठेवतो, बोटे मोजतो, शेजाऱ्याला हाक मारतो आणि 'एक मोठी, दोन बारक्या' असे सांगतो. हे उत्तर कधी चुकत नाही.

याउलट तुम्हाला विचारले जाणारे प्रश्न ठरलेले आहेत. कुठून आलात, कुठे चाललात, सायकल केवढ्याची, आणि शेवटी 'का?' पहिल्या तिन्हींची उत्तरे देता येतात. सायकलीची किंमत सांगताना एक शून्य कमी करावे, नाहीतर 'यात बुलेट आली असती' हे ऐकावे लागते, आणि ते खरे असते. चौथ्या प्रश्नाला मात्र उत्तर नाही. 'व्यायाम' म्हटल्यास शेतात काम आहे असे सुचवले जाते. 'पर्यावरण' म्हटल्यास समोरचा मागे वळून बघतो. 'आवड' म्हटल्यास त्याला तुमच्या घरच्यांची कीव येते. अनुभवी लोक एकच उत्तर देतात: 'नवस आहे.' या एका शब्दाने सगळे सरळ होते. पाण्याच्या बाटल्या भरून मिळतात, चहाचे पैसे घेत नाहीत, कुत्री हाकलली जातात, कोणी पुन्हा 'का' विचारत नाही. फक्त नवस नेमका कसला हे आधी ठरवून ठेवावे आणि सबंध वाटेवर एकच सांगावा. दाभोळला मुलीच्या लग्नाचा आणि तवसाळला प्रमोशनचा असे करू नये. फेरीबोटीवर माणसे बातमीही पलीकडे नेतात.

कुत्र्यांचे निघाले म्हणून सांगतो. वाडीतले कुत्रे फिरणाऱ्या पोटरीच्या मागे लागते. पळून जाण्याचा मोह होतो. चढावर तो मोह पुरा करता येत नाही. थांबावे, उतरावे, सायकल मधे घ्यावी आणि 'ए, चल!' असे मालकाच्या सुरात म्हणावे. पाय जमिनीवर टेकले की बहुतेक कुत्र्यांचा रस संपतो. घाबरट सुरात 'शुक शुक' केल्यास तो वाढतो.

गुहागरला जेवण. खानावळीत वाढणाऱ्या काकूंना नाव सांगताना जपावे. नुसते नाव सांगून भागत नाही, आडनाव लागते, आणि आडनाव कोकणातले निघाले तर 'म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?' इथून सुरू होऊन कुलदैवतापर्यंत जावे लागते. ते व्याडेश्वर निघाले की संपले. मग दर्शन न घेता कसे जाल, अभिषेकाचे नाव तरी लिहून ठेवा, आमच्या अमक्यांचे तुम्ही कोण, एवढ्यात तीन वाजतात. जेवणाबाबत सावधगिरीची सूचना: कोकम सरबत मीठ घालून कितीही प्यावे, घामातून गेलेले मीठ त्यातून भरून निघते आणि बाजारातल्या पुड्यांपेक्षा ते चांगले लागते. भात मात्र एकदाच घ्यावा. सोलकढीवर दुसऱ्यांदा भात घेतलेला मनुष्य पालशेतचा चढ चढल्याचे ऐकिवात नाही.

पंक्चर पालशेत आणि हेदवीच्या मधे होते. दुसरीकडेही होते, पण तिथे सावली असते. सड्यावर नसते, म्हणून इथलेच लक्षात राहते. मागचे चाक असते हे सांगायला नको. पहिली दोन मिनिटे आपण एकटे असतो. मग कुठूनतरी दोन पोरे येऊन उकिडवी बसतात. मग स्प्लेंडरवरून एक काका येतात, गाडी स्टँडवर लावतात, हेल्मेट आरशाला अडकवतात आणि मागे हात बांधून उभे राहतात. आता काम तुमचे नाही, देखरेख त्यांची आहे.

'हवा गेली?'

'हो.'

'ट्यूब बदलताय?'

'हो.'

'आधी काटा बघा.'

काका बरोबर असतात, याचा राग येऊ देऊ नये. नवी ट्यूब घालून हवा भरली आणि ज्याने पंक्चर झाले तो टायरमध्येच राहिला, तर ती ट्यूबही दहा मिनिटांत बसते. म्हणून टायर आतून बोटाने हळूहळू चाचपावा. काटा फार क्वचित सापडतो. सापडते ती ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली बारीक पोलादी तार, केसाएवढी जाड आणि तांदळाच्या दाण्याएवढी लांब. बाहेरून ती दिसत नाही. आतून बोटाला टोचते तेव्हा कळते आणि नखांनी निघत नाही. चिमटा आपण आणलेला नसतो. काका पोराला घरी पाठवतात, तो आजीचा भुवयांचा चिमटा घेऊन येतो, तार निघते आणि ती तळहातावर ठेवून सगळ्यांना दाखवावी लागते. काका ती उन्हात धरून बघतात आणि म्हणतात, 'एवढ्याशानं एवढं?' मग पंप मारायचा. हातपंपाने शंभर झटके मारले तरी टायर अंगठ्याला दबतो. तिसऱ्या दमाला पोरे पंप मागतात. द्यावा. ही दानत नव्हे, अक्कल आहे.

निघताना काका विचारणार, 'कुठे मुक्काम?' तुम्ही नवसाची गोष्ट सांगणार, कारण आता सवय लागलेली असते. काका गंभीर होतात. त्यांचा मेव्हणा गणपतीपुळ्यातच असतो. ते तिथल्या तिथे फोन लावतात, तुमचे नाव सांगतात, 'पुण्याहून सायकलीने आलेत, नवसाचे' असे सांगतात आणि 'तो बघेल सगळं' असे आश्वासन देतात. या घटनेला उपाय नाही.

हेदवीला दशभुजा गणेश आणि बामणघळ दोन्ही पाहण्यासारखे आहेत. उशीर झालेला असल्यामुळे पाहिले जात नाहीत. तवसाळला शेवटचा उतार, बोट, पलीकडे जयगड आणि दिवसातला सर्वांत कंटाळवाणा चढ. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. उतरून सायकल ढकलली तरी चालते, मात्र चाकाकडे अधूनमधून शंकेने पाहत जावे, म्हणजे लोकांना कारण कळते.

मालगुंडला केशवसुतांचे स्मारक आहे. १८६६ मध्ये जन्मलेल्या या कवीचे हे गाव. इथे अवश्य थांबावे. मांडीत पेटका येण्याची हीच वेळ असते, आणि रस्त्याकडेला पाय धरून बसलेल्या माणसापेक्षा स्मारकासमोर डोळे मिटून उभ्या असलेल्या माणसाला लोक वेगळे समजतात.

पुढे थोडे उतरले की गणपतीपुळे. फाट्यावर मेव्हणा उभा असतो. त्याने पाच नारळांची पिशवी आणि दूर्वा आणलेल्या असतात, आणि देवस्थानच्या डोंगराला प्रदक्षिणा चालतच करायची असते हे तो तुम्हाला वाटेतच सांगतो. गणपतीचे रूप तो डोंगरच, म्हणून डोंगराभोवती. नाही म्हणता येत नाही. सबंध रस्त्याला नवस ठाऊक झालेला आहे. पंचा गुंडाळावा आणि निघावे. सायकल मेव्हण्याच्या ताब्यात द्यावी, तो तिच्यावर एक चक्कर मारतो.

रात्री लॉजच्या मॅनेजरशी शेवटची गाठ. सायकल खोलीत ठेवू द्या म्हणून आपण विनंती करतो, तो म्हणतो फरशी लाल होईल. चाके पुसून देण्याच्या अटीवर तडजोड होते. मग तो रजिस्टर पुढे सरकवतो: नाव, पत्ता, कुठून आला, कुठे जाणार, येण्याचे कारण, वाहन क्रमांक. कारणाच्या रकान्यात 'देवदर्शन' लिहावे. वाहन क्रमांकापाशी अडते. सायकलला नंबर नसतो असे सांगितल्यास मॅनेजर रकाना रिकामा सोडायला तयार होत नाही. उद्या तपासणी आली तर काय दाखवायचे? वयस्क मॅनेजर असला तर त्याला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला आठवतो आणि तो कुठे आहे असे विचारतो. वाद घालू नये. काउंटरसमोर सायकल उलटी करावी. जिथे पॅडलचा धुरा फ्रेममधून जातो तिथे, तळाशी, फ्रेमचा क्रमांक ठोकलेला असतो. त्यावर दापोलीपासून जमा झालेली लाल माती असते, ती लॉजच्या नव्हे, स्वतःच्या रुमालाने पुसावी आणि मोबाइलचा दिवा धरून अक्षरे-आकडे एकेक करून मोठ्याने सांगावेत. क्रमांक लांबलचक असतो आणि रकाना स्कूटरच्या मापाचा. उरलेले आकडे 'शेरा' या रकान्यात लिहून घेतात.